वाकणाऱ्या जहाजाचा कोन काढताना

जहाज पोलादाचं असलं तरी ताठ नसतं. लाट मधोमध आली की दोन्ही टोकं खाली झुकतात, खांद्यावर भरलेली कावड झुकते तशी. याला हॉगिंग म्हणतात. लाटेची शिखरं नाळ आणि पिछाडीखाली आली की मधला भाग खाली बसतो, नवार सैल झालेल्या बाजेसारखा. ते सॅगिंग. लाट तिरकी आली तर ओला पंचा पिळावा तसा सगळ्या सांगाड्याला पीळ बसतो. आणि समुद्र अगदी शांत असला तरी ऊन असतंच.

उन्हाचा हिशोब आधी करून पाहू. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका १६३ मीटर लांब आहेत. साधारण तेवढंच जहाज घ्या. कण्यापासून डेकपर्यंतची उंची १२ मीटर धरा (ही संख्या हिशोबासाठी मी घेतली आहे). तापलेला डेक आणि पाण्यातला तळ यांच्या तापमानात २० अंशांचा फरक धरा. पोलाद दर अंशाला दहा लाखात १२ भाग प्रसरण पावतं. त्यामुळे दर मीटरला वाकण निघतं ०.०२ मिलिरेडियन, आणि ८० मीटर अंतरावरच्या दोन जागांमध्ये १.६ मिलिरेडियन, म्हणजे साडेपाच कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). कागदावर किरकोळ वाटतं. पण एक मिलिरेडियन चुकलं की २० किलोमीटरवर २० मीटर चुकतात. इथे ३२ मीटर चुकले, आणि लाट अजून आलेलीच नाही.

जहाजाच्या पोटातली मुख्य जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा सांगते की जहाज अमुक अंश कललंय. ते खरं असतं, पण तिच्या स्वतःच्या जागेपुरतं. ८० मीटर पुढे बसवलेल्या रडारची किंवा तोफेची बैठक वेगळ्याच कोनात असते. क्षेपणास्त्रांचा मागोवा घेणाऱ्या नौकांना (आपल्याकडची आयएनएस ध्रुव, चीनच्या युआनवांग मालिकेतल्या नौका) हा प्रश्न सर्वात जास्त जाचतो, कारण त्यांचं काम अँटेनाच्या कोनावरच चालतं. हा दोन जागांमधला कोन चालू जहाजावर सतत कसा काढायचा, त्याची कृती पुढे देतो. काल्मन फिल्टरशी (भाकीत आणि गोंगाटी मापन यांची सांगड घालून अंदाज काढणारी रीत) तुमची तोंडओळख आहे असं धरलंय.

पायरी १: दोन जायरो, एक घड्याळ

मुख्य यंत्रणेजवळ तीन अक्षांचा एक लेझर जायरो-संच (जायरो म्हणजे कोनीय वेग मोजणारं उपकरण) आणि रडारच्या बैठकीवर तसाच दुसरा. १९९० च्या दशकाअखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या मोचालोव्ह यांनी ही जोडी-पद्धत सविस्तर मांडली, आणि आजही बहुतेक काम त्याच वाटेने चालतं. कल्पना सोपी आहे. जहाज एकसंध ताठ असतं आणि दोन्ही संच तंतोतंत समांतर असते, तर दोघांनी मोजलेला कोनीय वेग एकच आला असता. तो एक येत नाही, आणि त्या फरकातच आपला कोन, म्हणजे दोन संचांमधला विचलन कोन, दडलेला असतो:

वेगांतला फरक = (मुख्य संचाचा कोनीय वेग × विचलन कोन) + विचलन बदलण्याचा वेग + जायरोंचा स्थिर दोष + गोंगाट

इथला गुणाकार सदिश गुणाकार आहे, हे विसरू नका. पुढची निम्मी डोकेदुखी त्यातूनच येते.

बसवताना सर्वात जास्त लक्ष घड्याळाकडे द्या. जहाज ५ अंश रोल करतंय (डावी-उजवीकडे डोलतंय) आणि रोलचा काळ १० सेकंद आहे, तर कोनीय वेगाचं शिखर सेकंदाला ३.१४ अंश येतं. दोन संचांच्या वेळेत एक मिलिसेकंदाचा फरक राहिला, तर जहाज न वाकताही ११ विकलांचं (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) डोलणारं 'वाकणं' दिसायला लागतं. ते अगदी खऱ्यासारखं, लाटेच्या तालावर डोलतं, म्हणून संशयही येत नाही. दोन्ही संचांना एकाच स्रोताचा पल्स द्या आणि चूक दशांश मिलिसेकंदाच्या आत ठेवा.

मी स्वतः खाल्लेली ठेच याच कुळातली. एका संचाच्या मापनात इंजिनाचं कंपन जास्त होतं, म्हणून तेवढ्याच संचावर लो-पास फिल्टर (जलद कंपनं गाळणारी चाळणी) लावला. फिल्टर म्हणजे विलंब. आलेखावर सुंदर, गुळगुळीत आणि संपूर्ण खोटं वाकणं उमटलं, आणि ते खोटं आहे हे कळायला चार दिवस गेले. चाळणी लावायची तर दोन्ही संचांना तीच लावा.

जहाजावर चढवण्याआधी दोन्ही संच एकाच जाड प्लेटवर, शेजारी शेजारी बसवून झुलत्या टेबलावर तासभर चालवा. प्लेट वाकत नाही, त्यामुळे तेव्हा जे वाकणं दिसेल ती तुमच्या यंत्रणेची स्वतःची चूक. तो आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: मॉडेल

विचलन कोनाचे दोन भाग करा. एक सावकाश सरकणारा (बैठकीची मूळ चूक, ऊन, इंधन आणि मालाचं वजन), दुसरा लाटेबरोबर डोलणारा. प्रत्येकाचे तीन अक्ष. डोलणाऱ्या भागाचा वेग आणखी तीन, जायरोंच्या स्थिर दोषांतला फरक आणखी तीन. एकूण १२ अवस्था झाल्या.

सावकाश भाग 'स्थिर' धरू नका. स्थिर धरला की फिल्टर दोन तासांत स्वतःवर इतका खूश होतो की दुपारच्या उन्हाने कोन सरकला तरी त्याला जाग येत नाही. त्याला यादृच्छिक चाल द्या, म्हणजे दर पावलाला थोडं कुठेही सरकायची मुभा. वरच्या हिशोबातले १.६ मिलिरेडियन सहा तासांत सरकतात असं धरा, म्हणजे तासाच्या वर्गमुळाला साधारण ०.६५ मिलिरेडियन. सुरुवातीला एवढं पुरे.

डोलणाऱ्या भागासाठी दुसऱ्या क्रमाची गाउस-मार्कोव्ह प्रक्रिया वापरतात. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि त्याला यादृच्छिक टपल्या, असं चित्र डोळ्यासमोर आणा. तिला तीन आकडे लागतात: स्वाभाविक वारंवारता, अवमंदन आणि वाकण्याचा व्हेरियन्स. टपल्यांची तीव्रता त्यांच्यातूनच निघते:

तीव्रता = ४ × अवमंदन × वारंवारतेचा घन × व्हेरियन्स

वारंवारता रेडियन प्रति सेकंदात घ्या. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आणि जहाजावरची नोंद यांच्यात इथेच फारकत होते, कारण हे तीन आकडे कायम राहत नाहीत. १० सेकंदांच्या लाटा आहेत आणि जहाज २० नॉटने चाललंय. समोरून लाट घेतली तर जहाजाला ती ६ सेकंदांनी भेटते. तेच जहाज वळून लाटेबरोबर चालू लागलं, तर भेटीचा काळ होतो २९ सेकंद. समुद्र तोच, जहाज तेच, फक्त सुकाणू फिरलं आणि तुमचं मॉडेल पाचपट चुकलं. अनुकूली, म्हणजे आपले आकडे स्वतः बदलणारा फिल्टर हवा तो यासाठी.

पायरी ३: आधी साधा फिल्टर

अनुकूलनाला हात घालण्याआधी साधा, न बदलणारा काल्मन फिल्टर चालवा. मापन १० हर्ट्झवर घ्या. जायरोचा यादृच्छिक भटकाव तासाच्या वर्गमुळाला ०.००३ अंश असेल, तर दशांश सेकंदाच्या सरासरीत एका जायरोचा गोंगाट ताशी ०.५७ अंश येतो आणि दोघांच्या फरकाचा ताशी ०.८. मापन-गोंगाटाची ही पहिली किंमत. ती जायरोच्या माहितीपत्रकातून काढा, अंदाजाने भरू नका. सावकाश कोनाची सुरुवातीची अनिश्चितता ५ मिलिरेडियन ठेवा.

हा फिल्टर काल्मन यांनी १९६० साली मांडला तसाच ठेवा आणि त्याचं इनोव्हेशन, म्हणजे मापन वजा भाकीत, जपून ठेवा. पुढचा सगळा न्यायनिवाडा त्याच्यावरच व्हायचाय.

पायरी ४: कोन दिसतोय का ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर फिल्टरला दोष देतात.

जहाज धक्क्याला बांधलंय. त्याला मिळणारा कोनीय वेग फक्त पृथ्वीचा, ताशी १५ अंश. एक मिलिरेडियन विचलनाने दोन जायरोंत फरक पडेल ताशी ०.०१५ अंश. चांगल्या लेझर जायरोचा स्थिर दोषच ताशी ०.०१ अंशाच्या घरात असतो. कोन कुठला आणि दोष कुठला, हे कोणताही फिल्टर सांगू शकणार नाही. तेच जहाज समुद्रात ५ अंश रोल करतंय तेव्हा तोच एक मिलिरेडियन ताशी ११ अंशांचा फरक दाखवतो. साडेसातशे पट. डोलणं त्रासदायक वाटतं, पण या कामात तेच तुमचा दिवा आहे.

आता सदिश गुणाकार आठवा. रोल लांबीच्या अक्षाभोवती होतो, म्हणून तो आडव्या आणि उभ्या अक्षाभोवतीचं विचलन दाखवतो. लांबीच्या अक्षाभोवतीचं स्थिर विचलन, म्हणजे पिळाचा कायमचा भाग, रोलमध्ये दिसतच नाही. तो दिसायला पिच (नाळ-पिछाडीचं वरखाली डोलणं) किंवा वळण लागतं. एक अंशाचा, ८ सेकंदांचा पिच असेल तर मिलिरेडियनला ताशी २.८ अंश, म्हणजे रोलच्या चौथा हिस्सा. त्यामुळे तीन अक्षांची अचूकता कधीच सारखी येत नाही, आणि कोणी सारखी दाखवली तर मी पहिला प्रश्न तोच विचारेन.

यापेक्षा अवघड फसवणूक आणखी एक आहे. तिरक्या लाटेत रोल आणि हलचं (जहाजाच्या सांगाड्याचं) वाकणं एकाच तालावर होतात. रोल ५ अंश म्हणजे ८७ मिलिरेडियन. त्याच्याच ठेक्यात, त्याच क्षणी, हल आडव्या अक्षाभोवती ०.०५ मिलिरेडियन डोलतोय असं धरा. आता आडव्या जायरोतला फरक रोलच्या वेगाच्या प्रमाणात येतो. उभ्या अक्षाभोवतीचं स्थिर विचलनही नेमकं तसंच दिसतं. फिल्टर बिचारा ते डोलणं स्थिर कोनाच्या खात्यावर मांडतो, आणि ०.०५ ला ८७ ने भागलं की ०.५७ मिलिरेडियनचा खोटा स्थिर कोन तयार होतो. दहापट मोठी चूक, तीही ठाम आत्मविश्वासाने सांगितलेली. गोंगाटाच्या किंमती कितीही बदलल्या तरी ही जात नाही, कारण चूक गोंगाटाची नसून तालाची आहे. उपाय एकच: जहाजाचा रोख बदला. रोख बदलला की रोल आणि वाकणं यांचा ताल बदलतो, आणि खोटा भाग वेगळा पडतो. चाचणीच्या दिवशी नेव्हिगेशन अधिकाऱ्याला आधीच सांगून चार-पाच रोखांवर प्रत्येकी २० मिनिटं मागून घ्या. एकाच रोखावरच्या तीन तासांपेक्षा ती जास्त कामाची ठरतात.

पायरी ५: काय बदललं, जहाज की मापन?

आता अनुकूलन. १९६९ ची सेज-हुसा पद्धत आणि १९७० च्या सुमाराची मेहरा यांची इनोव्हेशनवर आधारलेली पद्धत, या दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे. फिल्टर म्हणतो की इनोव्हेशन एवढं मोठं असायला हवं. प्रत्यक्षात ते किती आहे बघा, आणि फरक असेल तर गोंगाटाच्या किंमती बदला.

कोणत्या किंमती? इथे घोटाळा होतो. इनोव्हेशन दोन कारणांनी वाढतं: मापन घाण झालं, किंवा जहाज मॉडेलपेक्षा वेगळं वागू लागलं. पहिल्यात मापनावरचा विश्वास कमी करायला हवा, दुसऱ्यात वाढवायला. निदान चुकलं तर औषध नेमकं उलट लागतं. दोन्ही किंमती एकाच वेळी मोकळ्या सोडल्या तर फिल्टर दोघींत झोके घेत राहतो.

निदानासाठी मी दोन गोष्टी बघतो. पहिली, आकार: इनोव्हेशनला त्याच्या भाकीत सहव्हेरियन्सने वजन देऊन वर्ग केला तर तीन अक्षांसाठी सरासरी ३ यायला हवी, आणि १०० पैकी ९५ वेळा तो आकडा ७.८१ च्या खाली राहायला हवा. दुसरी, रंग: इनोव्हेशन आधीच्या क्षणांशी जुळतं का? ६० सेकंदांच्या खिडकीत १० हर्ट्झने ६०० नमुने येतात, आणि स्वसहसंबंध ±०.०८ च्या आत असेल तर इनोव्हेशन 'पांढरं' समजा.

आकार वाढला पण रंग पांढराच राहिला, तर मापन बिघडलंय: मापन-गोंगाट वाढवा. आकार वाढला आणि त्यात लाटेचा ताल उमटला, तर जहाजाचं मॉडेल जुनं झालंय: मापन-गोंगाटाला हात लावू नका, डोलणाऱ्या भागाचे आकडे बदला. मापनाची भानगड बहुधा एकाच अक्षावर येते. समुद्र बदलला की सहसा दोन-तीन अक्ष एकदम हलतात.

पायरी ६: मापन-गोंगाटाचं अनुकूलन

खिडकीतल्या इनोव्हेशनच्या सहव्हेरियन्समधून भाकिताचा वाटा वजा करून मापन-गोंगाट काढण्याची रीत पुस्तकांत पहिली येते. ती वापरू नका, वजाबाकी कधीतरी ऋण निघते आणि फिल्टर कोसळतो. दुरुस्तीनंतरचा शेष घ्या आणि त्यात दुरुस्तीनंतरच्या अनिश्चिततेचा वाटा मिळवा. बेरीज ऋण होत नाही.

सेज-हुसा वापरत असाल तर विसर-गुणक (जुन्या माहितीचं वजन दर पावलाला कितीने घटवायचं तो आकडा) जपून ठरवा. लेखांमधून ०.९५ ते ०.९९ अशा किंमती सर्रास दिसतात. १० हर्ट्झवर ०.९५ म्हणजे दोन सेकंदांची स्मृती, ०.९९ म्हणजे दहा. एवढ्यात जेमतेम एखादी लाट मावते, आणि गोंगाटाची किंमतच लाटेबरोबर वरखाली होऊ लागते. मी ०.९९८ च्या खाली जात नाही, ती ५० सेकंदांची स्मृती झाली. लाटेबरोबर चालताना तीही अपुरी, कारण तिच्यात दोन लाटासुद्धा मावत नाहीत. तेव्हा ०.९९९ करा. शिवाय किमतीला कुंपण घाला: माहितीपत्रकातल्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाखाली नाही, दहापटीच्या वर नाही.

पायरी ७: लाटेचं अनुकूलन

डोलणाऱ्या भागाचे आकडे सतत ताणत बसण्याऐवजी मी तीन फिल्टर समांतर चालवतो: एक ६ सेकंदांच्या काळाचा, एक १२ चा, एक २९ चा. प्रत्येकाच्या इनोव्हेशनवरून तो किती खरा वाटतो त्याचं वजन काढायचं आणि तिघांच्या उत्तरांची वजनदार सरासरी घ्यायची. मॅगिल यांनी १९६५ साली मांडलेली ही युक्ती आहे. आजच्या संगणकाला १२ अवस्थांचे तीन फिल्टर म्हणजे काहीच नाही. कोणाचंही वजन ०.०१ च्या खाली जाऊ देऊ नका. शून्याला टेकलेला फिल्टर पुन्हा उठत नाही, आणि जहाज वळल्यावर नेमका त्याचाच नंबर असतो.

जुनी माहिती झपाट्याने विसरायला लावणारा फेडिंग गुणकही आहे. तो फक्त सुकाणू फिरताना आणि नंतरची मिनिटभर चालू ठेवा, आणि तोही डोलणाऱ्या अवस्थांपुरता. सगळ्या १२ अवस्थांना लावलात तर तासाभरात मेहनतीने जमवलेला स्थिर कोन एका वळणात उधळला जाईल.

पायरी ८: पडताळणी

आधी संगणकावर: स्थिर कोन १ मिलिरेडियन, तीन प्रकारच्या लाटा, मध्ये दोन वळणं, मध्येच एका जायरोचा गोंगाट तिप्पट. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी ५० वेळा चालवा. प्रत्यक्ष चूक फिल्टरने सांगितलेल्या अनिश्चिततेत बसते का ते बघा. फक्त चुकीची सरासरी बघून खूश होऊ नका.

मग जहाजावर. बंदरात पहाटे आणि दुपारी, दोन बैठकींमधला कोन ऑटोकॉलिमेटरने किंवा थिओडोलाइटने (दोन्ही प्रकाशाच्या आधारे कोन मोजणारी उपकरणं) मोजून ठेवा. पहाटे अशासाठी की तेव्हा हलचं तापमान सगळीकडे जवळपास सारखं असतं. समुद्रात दिवसभराची नोंद घेतली की सावकाश कोनाच्या रेषेत ऊन चढता-उतरताना दिसायला हवं. ते दिसलं नाही आणि रेषा सरळसोट आली, तर फिल्टर झोपलाय: सावकाश भागाची यादृच्छिक चाल वाढवा. ती रेषा लाटेच्या तालावर थरथरत असेल तर चाल जास्त झाली. आणि प्लेटवरच्या चाचणीत लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा लहान वाकणं दिसलं, तर त्यावर चर्चा करू नका.

पुढच्या यंत्रणेला कोन देताना तीन गोष्टी एकत्र द्या: कोन, त्याची अनिश्चितता आणि वेळेचा शिक्का. गेल्या दोन मिनिटांत रोल आणि पिच दोन्ही दशांश अंशाच्या खाली असतील तर सावकाश भागाची दुरुस्ती थांबवा, शेवटचा कोन तसाच ठेवा, अनिश्चितता मात्र वाढत जाऊ द्या. जहाज पुन्हा डोलायला लागलं की फिल्टर तिथूनच काम उचलेल.